दाराकडचं टोक

काकूंच्या घरात शिरणारा माणूस आधी खाली बघायचा. बूट काढायला वाकलोय असं दाखवायचा, पण खरं तर आपण कुठे आहोत ते बघत असायचा.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या त्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक चिंचोळा बोळ होता आणि त्या बोळात बारा फूट लांबीचा गालिचा. लाल, पोपटी, जांभळा, मध्येच चमकी, मध्येच चौकडी, आणि सगळीकडे चिंध्यांची टोकं वर आलेली. काकूंनी तो जुने कपडे फाडून, एकेक गाठ मारून विणला होता. ओळखीच्या प्रत्येकाचा एक कपडा त्यात होता. गालिच्याचं एक टोक स्वयंपाकघरात जायचं, जिथे काकू अनवाणी उभ्या राहून पोळ्या करायच्या. दुसरं दाराशी, जिथे येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. काकूंचं कुणाशी बिनसलं की त्या भांडायच्या नाहीत, फोन आपटायच्या नाहीत. सकाळी उठून गालिचा फिरवायच्या. पोळ्यांकडचं टोक बुटांकडे. मग तो माणूस महिनाभर लोकांच्या पायाखाली.

यात एक गोम होती. एक टोक दाराशी आलं की दुसरं आपोआप स्वयंपाकघरात जातं. म्हणजे एकाशी भांडण झालं की दुसऱ्याला काहीही न करता बढती. आणि ही दोन टोकं कुणाची? एक माझं, दुसरं दातांच्या एका डॉक्टरांचं. मधले लोक सुखी होते. त्यांच्यावर कुणी खास बूट पुसत नव्हतं आणि त्यांना कुणी खास जवळही करत नव्हतं. आम्ही दोघं मात्र तीन वर्षं त्या बोळात येरझारा घालत होतो.

मी तिथे पीएचडी करायला गेलो तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि आईने बळेच कोंबलेला एक सोलापुरी टॉवेल. केशरी, काठाला हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात हळदीचा डाग, आणि इतका जाड की विमानात बॅगेचं वजन जास्त भरलं ते त्याच्यामुळेच. काकूंच्या तळघरात एक खोली भाड्याने होती. त्यांनी ती दाखवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मी इचलकरंजीची. तू सांगलीचा म्हणून देते. पुण्याचा असतास तर आधी विचार केला असता."

मी विचारलं, डिपॉझिट किती द्यायचं.

"डिपॉझिट नको. एक कपडा दे."

मला वाटलं ही इथली काहीतरी रीत असेल. मी लगबगीने बॅगेतला कोरा शर्ट काढला, अजून टाचण्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. काकूंनी तो दोन बोटांत धरला आणि परत दिला.

"नवा कपडा उर्मट असतो रे. वीसदा धुतल्याशिवाय कपड्याला वळण लागत नाही. माणसाला पन्नासदा."

असं म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला माझा टॉवेल उचलला, गालाला लावून बघितला आणि घेऊन गेल्या. पुढचा आठवडाभर मी टी-शर्टने अंग पुसत होतो. आईला फोनवर सांगायची सोय नव्हती. मुलाला पाठवला अमेरिकेला आणि पहिल्याच दिवशी टॉवेल गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या दिवसापासून काकूंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "टॉवेल, चहा टाकलाय." "टॉवेल, बर्फ कोण काढणार, तुझे सासरे?" सगळ्यांनाच त्या कपड्यांवरून ओळखायच्या. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात घालायचा हिरवा सदरा दिला होता, म्हणून ते हिरवा. मराठी मंडळाच्या एक अध्यक्षीणबाई होत्या, त्या काकूंच्या लेखी कायमच्या "जांभळी नायटी." एकदा गणपतीच्या कार्यक्रमात काकूंनी सगळ्यांदेखत त्यांना तशी हाक मारली होती. पुढचा इतिहास मला ऐकूनच माहीत आहे.

कपडे घ्यायचा त्यांचा नियम पक्का होता. भाडेकरूचा एक, पाहुण्याचा एक, घरच्या माणसाचे हवे तेवढे. घरची माणसं दोनच. एक वारलेले काका आणि दुसरा पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला राहणारा मुलगा. काकांचे शर्ट सगळे चौकडीचे. ते गेल्यावर काकूंनी त्या सगळ्यांचा मिळून एक गालिचा केला आणि टीव्हीसमोर टाकला. मी एकदा जरा चाचरतच विचारलं, की यांच्यावर पाय ठेवायला कसंतरी नाही होत?

"तिथेच बसायचे ते रोज. आताही तिथेच आहेत," काकू म्हणाल्या. "फक्त रिमोट माझ्याकडे आलाय."

आता इचलकरंजीची बाई हे गालिचे कुठे शिकली, तर पिस्कॅटवेतच. त्या म्हणायच्या, "जन्मापासून यंत्रमागाचा खडखडाट ऐकून कान किटले होते. म्हणून लांबचा नवरा केला. आणि बघ, साठी उलटल्यावर तळघरात माग." झालं असं, की काका होते तेव्हापासून काकू कपडे आखूड-लांब करून देणाऱ्या एका दुकानात कामाला होत्या. शेजारच्या मशीनवर मोरोक्कोची एक बाई बसायची, अॅटलास पर्वताकडची बर्बर. काकू तिला लल्ला म्हणायच्या, तिकडे बाईमाणसाला आदराने तसंच म्हणतात. लल्ला यांना काकू म्हणायची, कारण तिला ते यांचं नाव वाटायचं. दोघींचं मिळून इंग्रजी पन्नास शब्दांचं, त्यातले निम्मे चेन आणि बटणांचे. दिवसभर पँटींचे पाय कापून जे तुकडे उरायचे ते लल्ला पिशवीत भरून घरी न्यायची. काकूंना वाटायचं, गरीब आहे बिचारी, फडकी करत असेल. पुढे एका ईदला लल्लाने घरी बोलावलं, काकूंनी तिच्या जमिनीकडे बघितलं आणि त्या शेवया खायच्या विसरल्या.

त्या गालिच्याला लल्लाच्या मुलखात बुशरवीत म्हणतात. लोकर महाग झाली, मिळेनाशी झाली, तेव्हा तिकडच्या बायकांनी घरातली जुनेरं फाडून विणायला घेतली. उभे दोरे ताणायचे, त्यावर चिंधीची गाठ मारायची, ओळ झाली की लोखंडी फणीने ठोकून खाली बसवायची. नक्षी आधी ठरवायची नाही. जी चिंधी हाताला लागेल ती. हे आमच्या काकूंना कसं झेपावं? त्यांनी पहिल्या गालिच्यासाठी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून नेले. लल्लाने कागद नीट पाहिला, कौतुकाने मान हलवली, मग त्याच्या उभ्या पट्ट्या फाडल्या आणि गालिच्यात गाठी मारून टाकल्या. काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कागदाशिवाय गेल्या.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिटीची. लल्लाने शिकवलं होतं, की गालिच्यात कुठेतरी एक गाठ मुद्दाम वाकडी ठेवायची, नाहीतर दृष्ट लागते. काकूंना हे समजावून सांगावंच लागलं नाही. "म्हणजे तीटच की. आपण बाळाच्या गालाला लावतो तशी." त्या दिवसापासून प्रत्येक गालिच्यात एका कोपऱ्यात काळ्या चिंधीची एक वेडीवाकडी गाठ. ही काळी चिंधी कुठून येते हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी समजत होतो की ड्रायर मोजे खातो. विचारलं तर म्हणाल्या, "मोजा म्हणजे काय कपडा आहे?"

माग माझ्या खोलीला लागूनच होता. काका असताना त्यांच्याकडून त्यांनी लाकडी दांडे ठोकून घेतले होते, थेट तळघराच्या छतापर्यंत. मध्ये फक्त पडदा. पहाटे साडेपाचला फणीचा आवाज सुरू व्हायचा, धप, धप, धप, आणि माझं टेबल हलायचं. मी तेव्हा पॉलिमरवर संशोधन करत होतो. काकूंना ते कळल्यापासून जगातल्या सगळ्या पॉलिएस्टरला मी जबाबदार होतो. "तुझं पॉलिएस्टर बघ, गाठच धरत नाही. निसरडा माणूस तसा निसरडा कपडा." लल्लाला मात्र नायलॉन, चमकी, जरीची लेस, सगळं चालायचं. दर गुरुवारी ती यायची आणि दोघी शेजारी बसून विणताना सुती की नायलॉन यावर भांडायच्या. एक मराठीत, एक तिच्या भाषेत. दोघींनाही समोरचीचा मुद्दा पूर्ण कळत असे.

घरी आलेला एखादा पाहुणा हटकून म्हणायचा, "वा, गोधडी छान आहे हो." मग काकू पोळपाट बाजूला ठेवून बाहेर यायच्या.

"गोधडी शिवतात. हे विणलंय. गोधडी अंगावर घेतात, हा पायाखाली. आणि पायाखाली जायच्या गोष्टीला जास्त अक्कल लागते."

पाहुणा गेल्यावर त्याच्याकडून एक कपडा यायचाच. कुणाची हिंमत होती न पाठवायची?

आता डॉक्टरकाकांविषयी. हा माणूस मंडळाची नाटकं बसवायचा आणि स्वभावाने लोण्यासारखा होता. त्यांनी एका वर्षी काकूंचा एक गालिचा हौसेने रंगमंचावर वापरायला नेला आणि नाटकानंतर तो जेवणाच्या टेबलाखाली राहिला. त्यावर पावभाजी सांडली. दुसऱ्या दिवशी हिरवा दाराशी आणि केशरी पोळ्यांशी. मी असा अचानक आत आलो तो या पावभाजीच्या पुण्याईवर. डॉक्टरकाका पुढचे तीन महिने आले की दारात स्वतःच्या सदऱ्यावर उभे राहून बूट काढायचे आणि माझ्याकडे केविलवाणं बघायचे. "तू काहीतरी कर ना रे," एकदा हळूच म्हणाले. "छोटंसं काहीतरी. दूध उतू जाऊ दे."

मी केलं. पण छोटंसं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत काकू पडल्या. मागाचा वरचा दांडा उंच, नवे दोरे बांधायला चढावं लागायचं. त्या दिवशी स्टूल सापडलं नाही म्हणून त्यांनी माझ्या खोलीतून माझी अभ्यासाची खुर्ची नेली. चाकांची. मी विद्यापीठातून आलो तर काकू जमिनीवर बसलेल्या, डावं मनगट सुजून टम्म, आणि उजव्या हाताने गाठी मारणं चालू.

"काकू, हे काय."

"काही नाही. तुझी खुर्ची पळपुटी आहे."

मी एक्स-रेचं म्हटलं तर त्यांनी मनगटाला जांभळ्या नायटीची पट्टी गुंडाळली, म्हणाल्या झालं. आणि मग बोट रोखून म्हणाल्या, "बेलव्ह्यूला कळवलंस तर तुझा माझा संबंध संपला."

बेलव्ह्यूचा दादा मला दर रविवारी मेसेज करायचा. इथेच जन्मलेला, मराठी बोलतो पण मध्ये मध्ये दम लागतो. "ऑनेस्टली सांग, आई ओके आहे ना?" मी दर रविवारी अंगठा दाखवून मोकळा व्हायचो. त्या रविवारी अंगठा टाकवेना. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, घरात एकटी, मी सकाळी आठला जातो तो सातला येतो. पुन्हा पडली आणि डोकं आपटलं तर? मी सगळं लिहून टाकलं. खुर्ची माझी होती, हेसुद्धा.

मंगळवारी दादा हजर. एक्स-रेमध्ये मनगटाला बारीक चीर निघाली. आठवड्याभरात निर्णय झाला. घर विकायचं, आई बेलव्ह्यूला. "पण तिकडे लूम वगैरे नाही, आई. आमचं सगळं व्हाइट आहे, आणि पुन्हा पडलीस तर?" त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मला वाटलं होतं काकू आरडाओरडा करतील, निदान रडतील. त्या फक्त रात्रीचा वरणभात वाढून झोपायला गेल्या.

सकाळी मी वर आलो तर केशरी टोक दाराशी. बाहेर बर्फाचा चिखल, रस्त्यावर मीठ टाकलेलं, आणि घर बघायला येणारे लोक रांगेने माझ्यावर बूट पुसत होते. संध्याकाळी डॉक्टरकाका नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आले, खाली बघितलं, आणि डबा काकूंना द्यायच्या आधी त्यातल्या दोन वड्या माझ्या हातावर ठेवल्या. चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न करत होते, पण नट म्हणून ते कधीच फार चांगले नव्हते.

त्यानंतर तीन महिने काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे शब्दशः. जे सांगायचं ते कुकरला सांगायच्या. "काही लोकांना सांग, कचऱ्याचा डबा आज बाहेर ठेवायचा असतो." "काही लोकांना सांग, आमटी गरम आहे." कुकर शिट्टी द्यायचा आणि मी जेवायला बसायचो. जेवायला वाढणं त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटायचं. मी बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण खाली तळघरात फणीचा आवाज बंद झाला होता. साडेपाचला मला आपोआप जाग यायची आणि मी पडून वाट बघायचो. लल्ला दर गुरुवारी येऊन रिकाम्या मागासमोर बसायची, दोघी चहा प्यायच्या आणि भांडायच्यासुद्धा नाहीत.

मे महिन्यात घर गेलं. त्याबरोबर माझी खोलीही गेली. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं, इतका मी हुशार. मागाचे दांडे नव्या मालकाने कुंपणाला वापरायला ठेवून घेतले.

विमानतळावर दोघांना मीच सोडलं. काकू मागच्या सीटवर. "काही लोकांना सांग, लेन बदलताना मागे बघतात," त्या दादाला म्हणाल्या. दादा म्हणाला, "आई, ही इज राइट हिअर."

आपल्या लोकांची रीत म्हणून मी निरोप दिल्यावरही गेलो नाही. दोरीच्या अलीकडे उभा राहून ते तपासणीतून पार होईपर्यंत हात हलवत होतो. दादा हलवत होता, काकू नाही. मग काकूंची पर्स यंत्रातून मागे आली आणि तिथल्या माणसाने हातमोजे घालून त्यातून फणी बाहेर काढली. तीच लोखंडी फणी, दीड किलोची, वीतभर मूठ आणि पुढे बोटभर लांबीचे दात. त्याने ती उलटीसुलटी केली.

"मॅम, व्हॉट इज धिस?"

"कोंब," काकूंनी फणीचं इंग्रजी केलं.

त्याने काकूंच्या डोक्यावरच्या अंबाड्याकडे बघितलं, मग फणीकडे. मग समजावणं सुरू झालं. काकू हवेत गाठी मारून दाखवू लागल्या, धप धप करून दाखवू लागल्या, आणि धप धप बघितल्यावर त्याने आणखी एकाला बोलावलं. शेवटी ठरलं, की हे विमानात नेता येणार नाही. सामान तर आधीच पुढे गेलेलं. एकतर इथेच टाका, नाहीतर न जाणाऱ्या कुणाकडे द्या.

काकूंनी वळून बघितलं. न जाणारा मी एकटाच होतो.

त्या अनवाणी पायांनी सगळ्या रांगेतून उलट दिशेने चालत आल्या, मागून दादा हातात दोघांचे बूट घेऊन. दोरीच्या पलीकडे थांबल्या. मला वाटलं, आता त्या शेजारच्या खांबाला सांगणार. पण त्यांनी फणी माझ्या हातात ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं.

"टॉवेल, नीट पाठव. लल्लाच्या आईची आहे."

आणि गेल्या.

मी पार्किंगपर्यंत पोचतोय तोच दादाचा मेसेज. "प्लीज ती पाठवू नको यार. पुन्हा सुरू करेल ती. तूच सांगितलंस ना मला, पडली म्हणून?"

फणी दोन आठवडे माझ्या नव्या खोलीत टेबलावर होती. एकदा मुलाचं ऐकलं होतं, त्याचं फळ बघत होतो. आता आईचं ऐकावं आणि ती पुन्हा पडली तर? मी डॉक्टरकाकांना विचारायला गेलो. ते माझे दात तपासत होते, म्हणजे मला काही बोलता येत नव्हतं आणि ते मोकळेपणी बोलत होते. "हे बघ," ते म्हणाले, "पाठवलीस तर मुलगा चिडेल, नाही पाठवलीस तर काकू. पण गालिचा कुणाकडे आहे, एवढं लक्षात ठेव."

यात शहाणपण होतं, पण उत्तर नव्हतं. मग मी फणी घेऊन लल्लाकडे गेलो. तिला तुटक इंग्रजीत सगळं सांगितलं, हातवारे करून पडून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं, फणी हातात घेतली, टेबलावर एकदा धप्प केलं. कप उडाले. मग फणी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "धिस, गुड. चेअर, बॅड."

मला स्वतःची लाज वाटली. तीन महिने मी, दादा, डॉक्टरकाका, सगळे मागाबद्दल बोलत होतो. काकू मागावरून पडल्याच नव्हत्या. त्या माझ्या खुर्चीवरून पडल्या होत्या. मी त्याच दिवशी फणी जुन्या चादरीत गुंडाळून पाठवली आणि दादाला लिहिलं, "पाठवलीय. रागव. पण घरातल्या चाकांच्या खुर्च्या आधी लपव, आणि वरचा दांडा तिचा हात पोचेल एवढाच ठेव." त्याचं उत्तर आलं नाही. काकूंचंही नाही. फणी पोचल्याची पोच तेवढी पोस्टाकडून आली.

दोन वर्षांनी नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी बेलव्ह्यूला जाणं झालं. इंटरव्ह्यू दुपारी संपला आणि मी त्याच कपड्यांत, अंगात नवाकोरा आकाशी शर्ट, दादाच्या घरी गेलो. दार उघडल्याबरोबर मी सवयीने खाली बघितलं. पांढरी फरशी. गालिचा नव्हता.

"बघतोस काय, इथे बूट बाहेरच काढतात," आतून काकूंचा आवाज आला. "गॅरेजमध्ये ये."

गॅरेजमध्ये दादाची व्यायामाची लोखंडी चौकट होती, वजनं उचलायची. दोन उभे खांब, मध्ये आडव्या दोन सळया, हव्या त्या उंचीवर लावता येतील अशा. त्या दोन सळयांच्या मध्ये पांढरे दोरे ताणलेले, त्यावर निम्मा गालिचा, आणि समोर खाली उशीवर मांडी घालून काकू. धप, धप, धप. वरची सळई त्यांच्या डोक्याच्याही खाली होती. चढायचा प्रश्नच नाही.

"माय स्क्वॉट रॅक, यार," दादा माझ्या मागे उभा राहून म्हणाला. "फणी आली त्या दिवशी मी लपवणार होतो. मग तुझं ते खुर्चीचं वाचलं." मग म्हणाला, "सहा मॅरेथॉन पळालो मी. त्यातला एकही टी-शर्ट शिल्लक नाही. लोक विचारतात, तर मी गालिचा दाखवतो."

मनगट बरं होतं, चहा फक्कड होता, शिव्यांची धार तशीच होती. पण मला विचारायचं ते विचारवत नव्हतं. शेवटी हात धुवायला म्हणून बोळातून जाताना मी काकूंच्या खोलीत डोकावलो. पलंगाच्या कडेला, खिडकीपर्यंत, तोच आमचा गालिचा. हिरवं टोक पार खिडकीखाली दुमडलेलं. केशरी टोक पलंगाच्या कडेशी, उशीपाशी.

काकू मागून आल्या होत्या.

"इथली फरशी गार असते," त्या म्हणाल्या. "तू सगळ्यात जाड. सकाळी उठल्यावर पहिला पाय तुझ्यावर पडतो. आधी एक लाथ मारते, मग उभी राहते."

काकूंना रडणारी माणसं पॉलिएस्टरइतकीच नावडती. मी घाईघाईने बाहीने डोळे पुसले. त्यांनी पुढे होऊन माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"काढ."

"काकू, परवाच घेतलाय. तुम्हीच म्हणायचात ना, नवा कपडा उर्मट असतो?"

"असू दे. मालकाएवढा नसेल."

"आणि भाडेकरूचा एकच, तुमचाच नियम. माझा घेतलाय तुम्ही. टॉवेल."

"हो, घेतलाय," काकू म्हणाल्या आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या.

मी बटणं सोडली. परतीच्या विमानासाठी दादाने कपाट धुंडाळून त्याचा शेवटचा उरलेला टी-शर्ट आणून दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सवय होते यार. हळूहळू सगळेच जातात."